डुमस आणि सापुतारा यांच्या मधलं सगळं

सुरती माणूस रविवारी संध्याकाळी घरात सापडायचा नाही. डबे, चटई आणि पत्त्यांचा जोड घेऊन तो डुमस रोडच्या कडेला कुठेतरी बसलेला असतो. या शहराला मोकळ्या हवेची हौस नाही असं कोणी म्हणू नये. हौस भरपूर आहे. चालायची सवय कमी, आणि चालायला जावं कुठे याची माहिती त्याहून कमी. पुणेकराच्या तोंडी सिंहगड असतो, नाशिककराच्या तोंडी ब्रह्मगिरी. सुरतेत विचारा, उत्तरं दोनच मिळतात. जवळचं हवं तर डुमस, लांबचं हवं तर दीडशेहून जास्त किलोमीटरांवरचा सापुतारा. या दोन टोकांच्या मध्ये काय आहे, तिथे कसं पोचायचं आणि काय अडचणी येतात, एवढंच इथे पाहायचं आहे.

हा प्रश्न सुरतेतल्या मराठी माणसाला जरा जास्त लागू पडतो. उधना, लिंबायत, डिंडोली, पांडेसरा, गोडादरा या भागांत जळगाव, धुळे, नंदुरबारकडची लाखो माणसं राहतात. लूम, डाइंग मिल, टेक्सटाइल मार्केट यांवर त्यांची पोटं चालतात. बारा तासांची पाळी आणि एका खोलीचा संसार असणाऱ्याला मोकळ्या जागेची गरज बंगलेवाल्यापेक्षा जास्त असते. पण बागा, रुंद पदपथ, नदीकाठ यांची मांडणी शहराने पश्चिमेला आणि नैर्ऋत्येला अधिक केली, म्हणजे अठवालाइन्स, पाल, वेसू या बाजूंना. डिंडोलीच्या माणसाला वेसूच्या बागेत जायचं तर दोनदा रिक्षा बदलावी लागते. आणि गंमत अशी, की या मुलखातले चांगले डोंगर नेमके त्याच्या वाटेवर आहेत. दिवाळीत आणि लग्नसराईत तो ज्या तापी खोऱ्यातल्या रेल्वेने गावाकडे जातो, त्याच रुळांच्या दोन्ही अंगांना ते उभे आहेत. गाडी रात्रीची असते म्हणून ते दिसत नाहीत, इतकंच.

भूगोल थोडक्यात असा. सुरत हे सपाटीवरचं, गाळाच्या जमिनीवरचं शहर आहे. तापी सातपुडा आणि सह्याद्री यांच्यामधल्या खाचेतून पश्चिमेला येते आणि मैदानात उतरून समुद्राला मिळते. उत्तरेला सातपुड्याची शेवटची शेपटी राजपिपळ्याच्या डोंगरात संपते, दक्षिणेला सह्याद्रीचं उत्तर टोक डांग जिल्ह्यात. शहराभोवतीची बरीचशी जमीन उसाची, केळीची आणि आता प्लॉटची. डोंगर हवा असेल तर पूर्वेला तास-दीड तास तरी जावंच लागतं. त्याला इलाज नाही.

आधी शहरातलं पाहू. अठवालाइन्सची चौपाटी आणि तापीचा काठ सकाळच्या फेरफटक्याला ठीक आहे, पण ते चालणं चक्कर मारण्याचं, वाटेचं नव्हे. त्यापेक्षा जुन्या शहरातली पायपीट मला अधिक मोलाची वाटते. सोळाव्या शतकात खुदावंद खानाने बांधलेल्या किल्ल्यापासून निघावं, चौक बाजारातून गोपी तलावाकडे जावं आणि मग कतारगाम दरवाज्याकडे वळून इंग्रज आणि डच दफनभूमी पाहाव्यात. व्यापाऱ्यांची थडगी एवढी मोठी आणि घुमटदार आहेत, की नवखा माणूस त्यांना मशीद किंवा मकबरा समजतो. डचांच्या बाजूला हेन्ड्रिक व्हान रीड याची कबर आहे. मलबारच्या वनस्पतींवरचा 'हॉर्टस मलबारिकस' हा अनेक खंडांचा ग्रंथ ज्याने सिद्ध करवला, तो हाच. १६९१मध्ये तो वारला. झाडापानांची आवड असणाऱ्या भटक्याने निदान त्याच्यासाठी तरी तिकडे पाय वळवावा. या फेरीला अर्धा दिवस पुरतो आणि वाटेत लोचो हा सुरती फरसाणाचा पदार्थ खायला मिळतो.

नव्या जागांपैकी दोन नोंदण्यासारख्या आहेत. एक गवियर तलाव. डुमसच्या वाटेवरचा हा तलाव नेचर क्लब सुरत या संस्थेने सांभाळला. हिवाळ्यात तिथे पाहुणी बदकं उतरतात, आणि दुर्बीण घेऊन शांत बसणाऱ्याची निराशा होत नाही. दुसरी जागा अलथाण-भीमराडचं जैवविविधता उद्यान. सांडपाण्याने नासलेल्या कांकरा खाडीच्या काठावर महापालिकेने झाडं लावली, चालायला आणि सायकलीला वाट केली. खाडीच्या काठाने झाडांखालून एवढं सलग चालता येण्याची सोय शहराच्या आत दुसरीकडे नाही. या उद्यानाकडे मी पुन्हा येणार आहे.

समुद्राबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. डुमसची रेती काळी, पाणी गढूळ, आणि भुतांच्या गोष्टी यूट्यूबवाल्यांनी फुगवलेल्या. टमाट्याची भजी मात्र खरी. टमाट्याच्या जाड चकतीला हिरवी चटणी लावायची, ती बेसनात बुडवून तळायची आणि वरून धण्याची भरड. खाऊन झाल्यावर किनाऱ्याने चालायला लागायचं तर भरतीची वेळ आधी बघून ठेवावी. खंभातच्या आखाताकडची भरती-ओहोटी फार मोठी असते. ओहोटीला पाणी लांब जातं, माणूस चिखलात आत आत चालत जातो आणि परतीचं पाणी वेगाने येतं. हजिऱ्याच्या बाजूला सुवाळी आहे. १६१२मध्ये टॉमस बेस्टच्या इंग्रज जहाजांनी पोर्तुगीजांना याच पाण्यात मागे रेटलं आणि ईस्ट इंडिया कंपनीला सुरतेत पाय ठेवायला जागा मिळाली. आज सुवाळीला जाताना वाटेत कारखान्यांच्या भिंतीच जास्त दिसतात. किनारा डुमसपेक्षा मोकळा आहे, पण पोहण्याचा नव्हे, हे तिथल्या पाट्या वाचल्या नाहीत तरी लक्षात ठेवावं.

आता एक वाट, जी जगप्रसिद्ध आहे आणि सुरतेतल्या मराठी वस्तीतून गेलेली असूनही तिथल्या फार थोड्यांना ठाऊक आहे. १९३०च्या दांडीयात्रेत गांधीजी १ एप्रिलला सुरतेत पोचले. दुसऱ्या दिवशी निघाल्यावर त्यांचा मुक्काम झाला तो डिंडोलीत आणि मग वांझमध्ये. पुढे धामण, नवसारी, कराडी-मटवाड आणि ५ तारखेला दांडी. त्या वेळची डिंडोली म्हणजे शेतातलं खेडं. आज तिथे खान्देशी घरं आहेत, बिहारी मंडळींच्या छठपूजेसाठी केलेलं सरोवर आहे आणि दारोदार साड्यांवर टिकल्या लावणाऱ्या बायका. डिंडोलीहून दांडी हा दोन-तीन दिवसांचा सपाट चालीचा रस्ता. अवघड काही नाही, फक्त वाहनं फार. निम्मा भाग डांबरी हमरस्त्याने जातो आणि सावली तुटक आहे. म्हणून माझा सल्ला असा, की नवसारीपर्यंत लोकलने किंवा बसने जावं आणि तिथून दांडीपर्यंतचा शेवटचा टप्पा पायी करावा. चिकूच्या आणि आंब्याच्या वाड्या, मग मिठागरांकडची खारी जमीन, आणि शेवटी २०१९मध्ये उघडलेलं मीठ सत्याग्रहाचं राष्ट्रीय स्मारक. डिसेंबर-जानेवारीत पहाटे निघालेल्याला दुपारपर्यंत हे सहज जमतं. शाळांनी आपली सहल बसने न नेता अशी न्यावी असं मला फार वाटतं.

दक्षिणेला वलसाडजवळचा पारनेरा हाही रेल्वेने गाठता येणारा डोंगर. सुरतेहून वलसाड रेल्वेने सत्तर किलोमीटरांच्या आत आहे. पायथ्यापासून पायऱ्या आहेत, वर देवीची ठिकाणं आणि किल्ल्याचे अवशेष. १६७६मध्ये मोरोपंत पिंगळ्यांनी हा किल्ला घेतला होता. नवरात्रात गर्दीने पाऊल टाकता येत नाही; इतर दिवशी तासाभरात वर जाऊन येता येतं. धरमपूरच्या पुढे विल्सन हिल्स आहे. मुंबई इलाख्याचा गव्हर्नर लेस्ली विल्सनच्या नावाचं ते ठिकाण पावसाळ्यात ढगांत बुडालेलं असतं. पण तिथे स्वतःचं वाहन असल्याशिवाय जाणं म्हणजे अख्खा दिवस स्टँडवर घालवणं.

आणि आता तापी खोऱ्याची रेल्वे. हाच या लेखाचा मुख्य भाग आहे, कारण कमी पैशात आणि कमी लटांबराने डोंगर गाठायचा तर याहून सरळ रस्ता नाही. उधन्याहून भुसावळकडे जाणारी पॅसेंजर धरली की बारडोली, मढी, व्यारा, उकाई-सोनगड, नवापूर, नंदुरबार अशी स्टेशनं लागतात. सुरत-बुऱ्हाणपूर या जुन्या व्यापारी रस्त्यालाच ती जवळपास चिकटून जाते. १६१५मध्ये इंग्रज वकील टॉमस रो बुऱ्हाणपूरला गेला तो व्यारा, नवापूर, नंदुरबार करतच. बैलांचे तांडे, मोगली काफिले, मराठ्यांच्या तुकड्या सगळे या खिंडीतून आले-गेले. नवापूरचं स्टेशन तर असं, की फलाटाचं एक टोक गुजरातेत आणि दुसरं महाराष्ट्रात.

या वाटेवर उतरायचं ते सोनगडला. सुरतेहून पंच्याऐंशी-नव्वद किलोमीटर. गायकवाडांची बडोद्याची गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते, तिची सुरुवात इथे झाली हे कमी जणांना. पिलाजीराव गायकवाडांनी अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात इथे पाय रोवले, आणि पुढे दमाजीरावांनी राजधानी पाटणला नेईपर्यंत गायकवाडांचं ठाणं सोनगडच होतं. बडोद्याचा लक्ष्मीविलास राजवाडा पाहून आलेल्याने हा किल्ला पाहावा. एवढ्याशा डोंगरावरून एक घराणं गुजरातभर पसरलं यावर विश्वास बसत नाही.

चढण अर्ध्या-पाऊण तासाची. हिवाळ्यात सागाची पानं वाळून वाटेवर पडलेली असतात आणि पायाखाली पापडासारखी मोडतात. काळ्या बसाल्टच्या दगडांवर ती पानं असली की पाय घसरतो, म्हणून चपला नकोत, बूट हवेत. दरवाज्याचे आणि तटाचे भाग उभे आहेत. वर देवीची जागा आहे, दर्गाही आहे. कड्यावर उभं राहिलं की उकाई धरणाचं पाणी दिसतं, आणि त्याच नजरेत औष्णिक वीज केंद्राच्या चिमण्या आणि बांबूचा लगदा करणारी कागद गिरणी. काहींना हे दृश्य बिघडलेलं वाटतं. मला तसं वाटत नाही. सुरतेच्या लूमला लागणारी वीज, नळाला येणारं पाणी आणि १९७२मध्ये पुरं झालेल्या धरणाखाली गेलेली शंभराहून अधिक गावं, हा सगळा हिशेब एका ठिकाणी उभं राहून दिसतो अशा जागा फार नाहीत. २००६च्या ऑगस्टमध्ये सुरत बुडाली ती याच धरणातून सोडलेल्या पाण्याने. तेव्हा लोक पहिल्या मजल्यावर चढून बसले होते. त्या पाण्याचं उगमस्थान एकदा डोळ्यांनी पाहावं.

सोनगडच्या आसपासच गोमुख आहे, डांगच्या सीमेकडे चिमेरचा धबधबा आहे, दक्षिणेला अंबिकेच्या काठी पदमडुंगरीचा मुक्काम आहे. पदमडुंगरी, अंबापाणी, डांगातलं पूर्णाकाठचं महाल, वघईजवळचं किलाद अशी वन खात्याची इको-कॅम्पसाइट्स दक्षिण गुजरातेत चांगली रुजली आहेत. गावच्या समित्या ती चालवतात. जेवण साधं असतं: नागलीची भाकरी, उडदाचं वरण, मिरचीचा ठेचा. खोल्यांचं आरक्षण सुट्टीच्या दिवसांत मिळत नाही, मधल्या वारी हमखास मिळतं. लूमवाल्यांची सुट्टी रविवारीच असते असं नाही, तेव्हा ही गोष्ट त्यांच्या सोयीची आहे. वाटाड्या बरोबर घ्यावा, पैसे वाचवू नयेत. कोकणा, गामीत, वारली पोरांना झाडाची आणि माग काढण्याची जी जाण असते ती पुस्तकात नाही. आणि खान्देशी माणसाला तिथे भाषेची अडचण पडत नाही. डांगी बोलणाऱ्याशी अहिराणीत बोलून पाहा, दहातले आठ शब्द त्याला कळतात.

उत्तरेला मांडवी आणि उमरपाड्याकडे केवडी, देवघाट. देवघाटचं पाणी पावसात देखणं असतं, पण उमरपाडा हा सुरत जिल्ह्यातला सर्वात जास्त पावसाचा तालुका. २०२४च्या जुलैत तिथे काही तासांत दहा इंचांवर पाऊस कोसळला. ओढ्याला वरून पाणी येतं तेव्हा खाली ऊन असू शकतं. दर पावसाळ्यात तरुण पोरं धबधब्यात सेल्फीपायी जातात, मग जिल्हाधिकाऱ्यांचे मनाई हुकूम निघतात, आणि ज्यांना नुसतं चालायचं असतं त्यांचीही वाट बंद होते. मांडवी-महुवाकडच्या उसात बिबट्यांचा वावर आहे. तिथे झुंजूमुंजू होण्याआधी एकट्याने चालू नये, हे गावकरी सांगतात आणि ते ऐकावं.

डांगाबद्दल एवढं लिहिलं गेलंय की मी थोडक्यात आटपतो. १९६०मध्ये द्विभाषिक मुंबई राज्य फुटलं तेव्हा हा जिल्हा गुजरातेत गेला. सागाचं आणि बांबूचं दाट रान तेच. सापुतारा हे आता हॉटेलांचं गाव झालंय. चालायला जायचं तर आहव्याजवळचं डॉन पठार, पूर्णा अभयारण्यातलं महाल, वघईचं वनस्पती उद्यान आणि अंबिकेवरचा गिरा धबधबा बघावा. वांसदा राष्ट्रीय उद्यान लहान आहे, चोवीस चौरस किलोमीटरही नाही, पण एके काळच्या संस्थानी रानात १९५२नंतर कुऱ्हाड लागलेली नाही असं सांगतात, आणि आत शिरल्यावर ते पटतं. बिलिमोरा-वघई ही गायकवाडांनी १९१३मध्ये सुरू केलेली छोटी गाडी रानाच्या कडेने रमतगमत जाते. अधूनमधून बंद पडते, म्हणून चौकशी करून निघावं.

कसलेल्या ट्रेकरने मात्र सीमा ओलांडून साल्हेर करावा. बागलाणातला हा महाराष्ट्रातला सर्वात उंच किल्ला, १५६७ मीटर. १६७२च्या लढाईत मराठ्यांनी मोकळ्या मैदानात मोगलांना हरवलं ते त्याच्या पायथ्याशी. २०२५मध्ये मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा दर्जा मिळाला, त्यांत साल्हेर आहे. १६७०ची सुरतेची दुसरी स्वारी आटोपून शिवाजी महाराज याच बागलाणातून परतले. पुण्याहून साल्हेर फार लांब, सुरतेहून आहव्यामार्गे एका मुक्कामात होतो. तरी साल्हेरवर भेटणारे ट्रेकर बहुतेक पुण्या-मुंबईचे आणि नाशिकचे असतात. सुरतेची मराठी मंडळं गणपतीला जेवढी वर्गणी काढतात तिच्या दहाव्या हिश्शात वर्षाला दोन बसगाड्या साल्हेरला नेता येतील.

हे सगळं पाहिल्यावर एक गोष्ट उरते. सुरतेभोवती जागा कमी नाहीत. अडतं ते पोचण्यात. सकाळची गाडी मिळते, संध्याकाळची परतीची मिळेल याची खात्री नाही. सोनगड स्टेशनवरून गोमुखला जायला शेअर जीप आहे, पण ती भरल्याशिवाय सुटत नाही. बायकांनी चार जणींनी मिळून जायचं तर वाटेवर स्वच्छतागृह नाही. रेल्वेने शनिवार-रविवारी उधन्याहून सकाळी सोनगडपर्यंत आणि सूर्यास्तानंतर परत अशी एक गाडी नेमाने सोडली, तर या मुलखातल्या भटकंतीचं निम्मं काम होईल. खर्च कोणावर फार पडणार नाही. रूळ आहेत, तेही आता दुहेरी.

राहिलेलं निम्मं काम शहराच्या आतलं आहे, आणि ते महापालिकेचं. दर महिन्याला डोंगरावर जाणं रोजंदारीवाल्याला परवडत नाही. त्याला चालायला रोजची जागा हवी, घरापासून दहा मिनिटांवर. लिंबायतमधून मिठी खाडी वाहते. पलसाणा-बारडोलीकडचं पावसाचं पाणी घेऊन ती येते, भरतीला अडते आणि मग खाडीपुराने घरांत शिरते. उरलेले महिने काठाने कचरा आणि दुर्गंधी. कांकरा खाडीच्या काठी जे घडवता आलं ते मिठी खाडीच्या काठी घडवता येणार नाही असं म्हणायला कारण दिसत नाही. काठ मोकळा ठेवला, झाडं लावली, वाट केली, तर पुराच्या पाण्यालाही पसरायला जागा मिळेल आणि माणसालाही. वेसूला जे मिळालं ते लिंबायतला मिळावं, एवढीच मागणी आहे. वॉर्डातल्या नगरसेवकांकडे ती करायला पुढच्या निवडणुकीची वाट पाहायची गरज नाही.

तोवर ज्यांना सवड आहे त्यांनी ऑक्टोबर ते फेब्रुवारीच्या दरम्यान एखाद्या सुट्टीच्या सकाळी उधन्याला गाडीत बसावं, दोन लिटर पाणी आणि घरची भाकरी घ्यावी, आणि सोनगडला उतरावं.